एमा बोव्हारी प्रेमात मेली की उधारीत?

निळी शाई: परवा इथे फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ कादंबरीवरच्या सिनेमांबद्दल कुणीतरी लिहिलं, ‘शाब्रोलचा १९९१ चा मादाम बोव्हारी थंडगार आहे, प्रेम जाणवतच नाही. मिनेलीचा १९४९ चा बघा, काय तो वॉल्ट्झ नाच!’ डोकं फिरलं वाचून. अहो, प्रेम जाणवत नाही हाच तर मुद्दा आहे! कृषी मेळाव्याचा प्रसंग घ्या. खाली चौकात शेणखताची बक्षिसं जाहीर होताहेत आणि वर खिडकीत तिचा होणारा प्रियकर रोदोल्फ एमाला नशिबाच्या गाठी सांगतोय. फ्लोबेर तिथे हसतोय, तुम्ही रुमाल काढताय. तिला मारलं लरो कापडवाल्यानं. हुंडीमागून हुंडी सही करून घेतली आणि शेवटी आठ हजार फ्रँकांसाठी जप्ती आणली. आता म्हणा रोमान्स.

रानवारा: ते ‘कुणीतरी’ म्हणजे मीच. नाव घ्यायला काय झालं होतं? रोदोल्फचं निरोपाचं पत्र आल्यावर ती माळ्याच्या खिडकीतून उडी टाकायला निघते, ते काय हुंडीपायी? तेव्हा लरो कुठे होता? आणि मिनेलीवर एवढा राग कशाला? नाचात काचा फोडतात ते पुस्तकातच आहे, त्यानं फक्त वाढवलं. उलट या कादंबरीवरचा १८५७ चा खटला दाखवून फ्लोबेरला कोर्टात उभा केला. तुमच्या शाब्रोलला ते सुचलं?

निळी शाई: फ्लोबेरला कोर्टात बोलायला लावलं की पुस्तक कळलं, असं असेल तर प्रश्नच मिटला.

हिशेबी: लरोवर लिहितो, कारण तो आमच्या घरात येऊन गेलाय. एक साडीवाला दारावर यायचा. ‘वहिनी, पैशांचं नंतर बघू’ हे त्याचं पालुपद. काकूनं कपाट भरलं, काकांना पत्ता नाही. शेवटी पाटल्या मोडल्या. आता तोच साडीवाला फोनमध्ये शिरलाय, ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून. बायकांना नवं दिसलं की राहवत नाही, हे फ्लोबेरला बरोबर कळलं होतं.

सायली_के: वा! काकूच्या साड्या दिसल्या, काकांनी तेव्हा काय उधार घेतलं ते नाही दिसलं? एमाच्या नवऱ्यानं, शार्लनं, मुखत्यारपत्र दिलं होतं ना बायकोला? न वाचता? मग दोष तिचा एकटीचा कसा? आमच्याकडे बाबांनी मित्राला जामीन राहून घर घालवलं. त्याला सगळे ‘दिलदार’ म्हणतात. आईनं मिक्सर हप्त्यानं घेतला तर ती उधळी.

हिशेबी: मी बायकांविरुद्ध बोललोच नाही.

सायली_के: वर तुमचंच शेवटचं वाक्य वाचा.

गावठी डॉक्टर: तबेल्यातल्या इपोलितच्या वाकड्या पायाबद्दल कुणी बोलणार आहे का? शार्ल पूर्ण डॉक्टर नव्हता, खालच्या परवान्याचा वैद्य होता. ओमे औषधवाल्यानं आणि बायकोनं चढवलं म्हणून त्यानं वाकडा पाय सरळ करायला जाऊन एका धडधाकट चालणाऱ्या माणसाचा पाय कापायची वेळ आणली. अशा माणसाला सिनेमावाले दरवेळी ‘बिचारा नवरा’ करतात. माझ्याकडे रोज असले बिघडवून आणलेले पेशंट येतात.

रानवारा: डॉक्टर, विषय प्रेमाचा चाललाय.

गावठी डॉक्टर: विषय गेले दोन तास साड्यांचा चाललाय.

जुना प्रेक्षक: याच कादंबरीवरचा केतन मेहताचा १९९३ चा ‘माया मेमसाब’ कुणी आठवतच नाही. फारूख शेखचा डॉक्टर बघा. गुलजारांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत, दीदींचा आवाज! मायाला स्वप्नांचं व्यसन आहे. प्रेम नाही की कर्ज नाही.

निळी शाई: गाणी एक नंबर, त्यावर वाद नाही. बाकी धुकं.

रानवारा: बरं बाबा, कर्जानं मेली. खूश? पण मरायला निघण्याआधी पैसे मागायला ती रोदोल्फच्याच दारात गेली, हेही लिहून ठेवा.

निळी शाई: गेली खरी. आणि त्यानं ‘नाहीत’ म्हणून सांगितलं. थोर प्रेमकहाणी.

गावठी डॉक्टर: इपोलितचा पाय राहिलाच.

सायली_के: डॉक्टर, त्याला जो लाकडी पाय मिळाला ना, तोही लरोकडूनच मागवला होता. उधारीवर.