मदत हवी आहे: 'हे काम माझ्याकडे आहे' इंग्रजीत नीट कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी. मी म्हापशाची, कळंगुटला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. शिफ्ट बदलताना कुठलं काम कोणाकडे, ते लॉगबुकात इंग्रजीत लिहावं लागतं.

'रिस्पॉन्सिबल फॉर' कामासाठी, 'रिस्पॉन्सिबल टू' साहेबासाठी, एवढं पक्कं आहे. 'इन चार्ज ऑफ द स्टोअर' म्हणजे स्टोअर माझ्या ताब्यात. पण मध्ये 'द' घुसून 'इन द चार्ज ऑफ' झालं की उलटंच, मीच कोणाच्या तरी ताब्यात! आणि 'इट्स ऑन मी' म्हटलं तर रेस्टॉरंटवाले बिल माझ्याच नावावर फाडतील.

अडतंय ते इथे: '१०४ चा एसी बंद आहे, मेंटेनन्सला कळवलंय, पुढचं मी बघते.' यातल्या शेवटच्या तुकड्याला 'आय विल सी टू इट' बरं, की 'आय विल टेक केअर ऑफ इट'? 'आय ॲम ऑन इट' बोलायला ठीक, पण वहीत फारच सैल वाटतं. ('डू द नीडफुल' कृपया सुचवू नका, त्याने वही आधीच भरलीय.)

शिवाय काम हाऊसकीपिंग करणार, पण जाब मला विचारणार, तिथे 'अकाउंटेबल' चालेल का? हॉटेल लाइनमधल्या कोणी एखाददुसरं तयार वाक्यच दिलंत तर फार बरं होईल.