ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचा) पीएलसी, म्हणजे पंप-ब्लोअर चालवणारा कंट्रोलर, नेटवर्कवर उघडा आहे, ऑडिटर म्हणतो फर्मवेअर (त्याचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. तेवढ्यानं भागेल का?

पॅनेल_भोसरी:
भोसरी एमआयडीसी, ऑटो कॉम्पोनंटचं युनिट. ईटीपीला सीमेन्स एस७-१२०० पीएलसी (१२१४सी, फर्मवेअर ४.२), दुसऱ्या कंपनीचा ७ इंची एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन), आणि एरेशनच्या, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या, तीन ब्लोअरचे डेल्टा ड्राइव्ह (मोटरचा वेग ठरवणारे). ड्राइव्ह आरएस-४८५ केबलवर, पुढे मॉडबस गेटवेतून (दोन्हींना जोडणारा डबा) इथरनेटवर. सप्लायरनं रिमोट सपोर्टसाठी फोरजी राउटर बसवलाय. सिमला पब्लिक स्टॅटिक आयपी, आणि १०२ (पीएलसी), ५०२ (मॉडबस गेटवे), ५९०० (एचएमआय) असे तीन पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येता येतं. कस्टमरच्या ऑडिटरनं रिपोर्टात 'फर्मवेअर अपडेट करा' एवढंच लिहिलंय. तीन शिफ्ट चालतात, हात लावता येतो तो फक्त गुरुवारी. सुरुवात कुठून करू?

चाकण_ऑटोमेशन:
फर्मवेअर सगळ्यात शेवटी. आज, आत्ता, शटडाउन न घेता राउटरमधले तिन्ही फॉरवर्ड काढा. प्लांटला त्याची गरजच नाही, ती सोय सप्लायरची आहे.

कारण सांगतो. मॉडबस म्हणजे उपकरणांची आपसात बोलायची भाषा, १९७९ चा प्रोटोकॉल, त्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. ५०२ वर कोणीही हे बारा बाइट पाठवले:

०० ०१ ०० ०० ०० ०६ ०१ ०६ २० ०१ ०० ००

की झालं. शेवटून वाचा: किंमत शून्य, रजिस्टर २००१ हेक्स (डेल्टाच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये फ्रिक्वेन्सी कमांड, म्हणजे मोटरचा वेग, हेच), ०६ म्हणजे एक रजिस्टर लिही, त्याआधीचा ०१ हा ड्राइव्हचा पत्ता. ड्राइव्ह 'रन'मध्येच राहतो, एचएमआयवर हिरवा दिवा तसाच, आणि ब्लोअर थांबलेला. पीएलसी ही किंमत दर सेकंदाला लिहीत असेल तर लगेच दुरुस्त होईल. ऑपरेटरनं सेटपॉइंट बदलला तरच लिहीत असेल, तर कोणाच्या लक्षात येईपर्यंत टाकीत हवा नाही. यात पॅच करायला काही नाहीच, प्रोटोकॉल सांगितलेलं काम करतोय.

गेटवेच्या सेटिंगमध्ये बहुतेक वेळा परवानगी असलेल्या आयपींची यादी असते. तिथं फक्त पीएलसीचा आयपी टाका, आणि गेटवेचा फॅक्टरी पासवर्डही बदला.

तळवडे_नेटवर्क:
वरच्याशी सहमत. ५९०० म्हणजे एचएमआयचा व्हीएनसी, स्क्रीन दुरून बघायची आणि चालवायची सोय. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात, सोळा अक्षरी ठेवून उपयोग नाही. आणि 'पोर्ट नंबर बदलून देतो' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत अलिक्विपाच्या पाणीपुरवठ्याचा युनिट्रॉनिक्स पीएलसी हल्लेखोरांच्या हाती लागला तो इंटरनेटवर उघडा होता म्हणून. त्या पीएलसीचा पोर्ट २०२५६, फॅक्टरी पासवर्ड ११११. फार हुशारी लागलीच नाही.

रिमोट सपोर्टसाठी राउटरनं बाहेर जाणारं व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) जोडावं, आत येणारं सगळं बंद. त्याहून सोपा आणि आमच्याकडचा आवडता उपाय: राउटरचा २४ व्होल्ट सप्लाय पॅनेलवरच्या चावीच्या सिलेक्टरमधून आणि दोन तासांच्या टायमर रिलेमधून घ्या. सप्लायरचा फोन आला की मेंटेनन्सवाला चावी फिरवेल, दोन तासांनी आपोआप बंद. फक्त अलार्मचे एसएमएस त्याच राउटरवरून जात असतील तर ते आधी दुसरीकडे हलवा, नाहीतर ऐन वेळी मेसेजच येणार नाही.

आणि चालू शिफ्टमध्ये पीएलसीवर एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं स्कॅनर) मारू नका. जुने गेटवे आणि कार्ड अशा स्कॅनला हँग होतात. मॅनेज्ड स्विचवर मिरर पोर्ट (सगळ्या ट्रॅफिकची नक्कल देणारा) लावून वायरशार्क या सॉफ्टवेअरनं एक दिवस नुसतं ऐका. कोण कोणाशी बोलतंय ते कळतं.

चाकण_ऑटोमेशन:
आता गुरुवारचं. एचएमआय सीमेन्सचा नाही म्हणजे तो बहुधा पुट/गेटनं (पीएलसीत बाहेरून थेट वाचायची-लिहायची सोय) डेटा घेतोय. टिया पोर्टलमध्ये (सीमेन्सचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) प्रोटेक्शनखाली ती टिक असते. ती चालू असेल तर पीएलसीला पासवर्ड लावूनही डीबीत (पीएलसीच्या डेटा ब्लॉकमध्ये) बाहेरून लिहिता येतं. काढली तर एचएमआयवर सगळीकडे प्रश्नचिन्हं. शिवाय ते हार्डवेअर कॉन्फिगरेशन आहे, डाउनलोडला सीपीयू स्टॉपमध्ये जातो आणि आउटपुट पडतात. आधी पंप-ब्लोअर मॅन्युअलवर घ्या. डाउनलोडमध्ये डीबी रीइनिशिअलाइझ झाली तर स्टार्ट व्हॅल्यू परत येतात, म्हणून डोसिंगचे सगळे सेटपॉइंट कागदावर उतरवून ठेवा. त्या दिवशी फीडरचं (वीजलाइनचं) काम नाही ना, तेही महावितरणला विचारा.

फर्मवेअरबद्दल ऑडिटर अगदीच चूक नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२२-३८४६५ या नंबरची सुरक्षा-त्रुटी १२००/१५०० मालिकेतल्या सगळ्यांना एकच असलेल्या खासगी कीबद्दल (एन्क्रिप्शनच्या गुप्त किल्लीबद्दल) आहे. उपाय १२०० साठी ४.५ पासून पुढे. पण नुसतं मेमरी कार्ड घालून अपडेट केलं तर काही बदलत नाही. टिया व्ही१७ मध्ये प्रोजेक्टही ४.५ चा करावा लागतो, तेव्हाच सुरक्षित कम्युनिकेशन चालू होतं.

पॅनेल_भोसरी:
फॉरवर्ड काढले. सप्लायर म्हणतो वॉरंटी जाईल. आणि एचएमआय पुट/गेटवरच आहे, बदलायचं बजेट नाही.

तळवडे_नेटवर्क:
वॉरंटीत पोर्ट उघडा ठेवण्याचं कलम लेखी दाखवा म्हणा, आणि पीएलसीची मूळ प्रोजेक्ट फाइल त्याच मेलमध्ये मागून घ्या. एचएमआय तसाच राहू दे. पीएलसी, एचएमआय आणि गेटवे एका छोट्या स्विचवर, आणि त्या स्विचच्या व ऑफिस लॅनच्या मध्ये फायरवॉल. ऑफिसला रीडिंग हवी असेल तर फक्त एका पीसीचा आयपी सोडा, तोही एचएमआयच्या डेटालॉगपर्यंतच. १०२ आणि ५०२ पलीकडून दिसताच कामा नये.