मदत हवी आहे: बाबांच्या पायाच्या जखमेवर स्किन ग्राफ्ट करावं की फ्लॅप? नागपूर

नमस्कार मंडळी, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लिहून राहिलो, चुकाबिका सांभाळून घ्या.

बाबा ६१ वर्षांचे, काटोलकडे संत्र्याची बाग आहे आमची. २४ दिवसांआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाय आला. हाड मोडलं नाही हे नशीब, पण नडगीवरची कातडी सोलून निघाली, घोट्याच्या चार बोटं वर. जवळच्या दवाखान्यात तीच कातडी ओढूनताणून टाके घालून दिले आणि पाचव्या दिवशी सगळी काळी पडली. नाव लिहीत नाही, आता भांडून काय होते. नागपूरला आणलं, काळं झालेलं काढलं, आणि तिथे तळहाताएवढा खड्डा उरला. बाकी लालबुंद आहे पण मधोमध दोन रुपयांच्या नाण्याएवढं हाड दिसते, पांढरं आणि कोरडं. ड्रेसिंगच्या वेळी एकदाच पाहिलं मी, दुसऱ्यांदा हिंमत नाही झाली.

एक सर्जन म्हणतात व्हॅकची मशीन (जखमेतलं पाणी ओढून घेणारी) लावू, हाडावर लाल मांस चढू देऊ आणि मग मांडीची पातळ साल काढून ग्राफ्ट लावू, ऑपरेशन लहान. प्लास्टिक सर्जन म्हणतात ग्राफ्ट तिथे धरणार नाही, पिंढरीची कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवून खाली आणू, म्हणजे फ्लॅप. दोघंही भले माणसं, दोघंही ठामपणे सांगतात, अन् आपण मधात लटकलो.

प्लास्टिकवाल्यांनी बाबांना विचारलं, काका, जंभेरीच्या खुंटावर कलमाचा डोळा भरता ना, वाळक्या खुंटावर कधी भरला का? बाबा म्हणे वाळक्यावर कोण भरते जी. तसंच आहे म्हणे, ग्राफ्टचं स्वतःचं रक्त तोडलेलं असते, पहिले एक-दोन दिवस तो खालून झिरपलेल्या पाण्यावर जगतो, नंतर खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात तेव्हा तो धरतो, उघड्या हाडातून काय शिरणार. फ्लॅप म्हणजे रोप मातीच्या गोळ्यासकट उचलून लावणं. बाबांना तिथे सगळं पटलं आणि घरी आल्यावर माझा हात धरून म्हणे, "लहानवालं कर बाबू."

शुगर आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ८.४. खर्रा (तंबाखू-सुपारीचा) दिवसाला तीन-चार पुड्या. कोणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा, आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारू तेही सांगा.

ड्रेसिंगवाली ताई: दादा, मी नर्स आहे, डॉक्टर नाही, पण १४ वर्षं जखमाच पाहून राहिली. सगळा खेळ हाडावरच्या पातळ पडद्याचा आहे, पेरिऑस्टियम म्हणतात. तो शाबूत असला तर त्यावर ग्राफ्ट धरू शकतो. तू पांढरं-कोरडं म्हणतो म्हणजे बहुतेक गेलेला दिसतो, तरी डॉक्टरांच्या तोंडून वदवून घे. व्हॅकने बारीक उघडी जागा बाजूने भरून येते हेही खरं आहे, म्हणून पहिले डॉक्टर काही चुकीचं नाही बोलले, पण तोवर हाड वाळू द्यायचं नसते आणि इन्फेक्शनची टांगती तलवार राहते. त्यांना सरळ विचार, नाही भरलं तर पुढे काय, आणि किती दिवस वाट पाहायची?

वर्धेचा भाऊ: माझ्या काकांचा रिव्हर्स सुरल फ्लॅप झाला, म्हणजे तोच पिंढरीची कातडी खाली फिरवायचा, हीच जागा. जखम भरली, पण तिथे भाकरीचा गोळा चिकटवल्यासारखं जाड दिसते आणि पिंढरीवर जिथून कातडी घेतली तिथे शेवटी मांडीचा ग्राफ्ट लावावाच लागला, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं. काका म्हणे पायापेक्षा मांडीच जास्त जळते. पाय उंच ठेवायचा, लटकवायचा नाही, नाहीतर फ्लॅप निळा पडतो. आणि खर्रा आजच बंद कर! निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात. बिडी नाही, खर्राच खातो असं म्हणून चालत नाही.

नाकाडोळ्याचा: कातडी रक्तासकट फिरवायची कल्पना जुनीच हाय, १७९४ च्या लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये पुण्याकडच्या कावसजीचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने बनवल्याची बातमी छापली होती.

वर्धेचा भाऊ: अबे इथे पाय आहे, नाक नाही.

ड्रेसिंगवाली ताई: राहू दे, बाबांना सांगायला कामाचं आहे, नवीन प्रयोग करून राहिले असं वाटत असेल तर. आणि दादा, महात्मा फुले योजनेत बसते का ते आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात योजनेचं काम पाहणारा) टेबलावर ऑपरेशनच्या आधी विचार, मंजुरी आधी लागते.

धागाकर्ता: ताई, आज विचारलं. पडदा गेलेलाच आहे. मग पहिल्या सर्जनना तुमचा प्रश्न टाकला, नाही भरलं तर काय. ते थोडं थांबले आणि म्हणाले, मग फ्लॅपच. तर फ्लॅप ठरला. आधी पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी आणि शुगर खाली आणायची. बाबांना कावसजीचं सांगितलं तर म्हणे, त्याच्या नाकाचे टाके काढायला किती दिवस लागले ते विचार. आत्ताच त्यांच्या उशीखाली पुडी सापडली, आईने खिडकीतून फेकली, तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. खर्रा सोडवायला कोणाला काही उपाय माहीत असेल तर तोही लिहा.