मृगातल्या ताऱ्यांभोवतीच्या चकत्या सहा इंची दुर्बिणीतून दिसतात का?

गोदाकाठ: शनिवारी अंजनेरीच्या पायथ्याशी मित्राच्या सहा इंची दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ बघितला, नाशकात गच्चीवरून नुसता धुरकट डाग दिसतो, तिथे मधले चार तारे एकदम स्वच्छ. घरी येऊन वाचलं की तिथल्या नवजात ताऱ्यांभोवती वायू आणि धुळीच्या चकत्या आहेत ज्यातून पुढे ग्रह बनतात. मोठी दुर्बीण घेतली तर दिसतील का? आणि चकतीच का, गोळा का नाही?

त्रिकांड: नाही हो, बारा इंची घेतली तरी नाही. अंतर सुमारे १३०० प्रकाशवर्षं, एवढ्या लांबून अख्खी चकती एखाद्या आर्कसेकंदाची (अंशाचा ३६००वा भाग) भरते आणि तेवढं आपली हवाच पुसून टाकते. हबल अवकाश दुर्बिणीने नव्वदच्या दशकात टिपल्या, मागच्या उजळ वायूवर काळ्या सावल्यांसारख्या. पण ते चार तारे आहेत ना, त्यातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्याच्या अतिनील किरणांनी आसपासच्या चकत्यांमधला वायू उडून चाललाय. म्हणजे चकत्या नाही, पण त्यांना झिजवणारा तारा तुम्ही डोळ्यांनी बघून आलात, मला तर हेच भारी वाटतं.

पंचवटी_४२२००३: चकतीचं कारण फिरणं. ढग आकसतो तसा त्याचा फिरायचा वेग वाढतो, त्यामुळे अक्षाकडे आत सरकायला अडचण होते पण वरून-खालून पडायला काहीच अडवत नाही, दोन्हीकडचा वायू मधे आदळतो, ती गती उष्णता होऊन निघून जाते आणि फिरणं तेवढं उरतं. वस्तुमानात धूळ साधारण १ टक्काच, बाकी वायू, आणि तो काही दशलक्ष वर्षांत संपतो. गुरूसारख्या ग्रहाला तेवढ्यातच उरकावं लागतं.

गोदाकाठ: वा! मग आपल्या नारायणगावजवळची खोडदची दुर्बीण हे बघते का?

त्रिकांड: ती रेडिओ दुर्बीण, तिच्या लहरी खूप लांब पडतात, थंड धूळ मिलिमीटर लहरींत चमकते. त्यासाठी चिलीतली आल्मा दुर्बीण. २०१४ मध्ये तिने एचएल टाउरी या ताऱ्याच्या चकतीतली कडी दाखवली, तारा जेमतेम दहा लाख वर्षांचा असेल आणि एवढ्यात चकतीत रिकामे पट्टे! ते ग्रहांनीच कोरलेत का यावर अजून चर्चा चालू आहे, पण पीडीएस ७० या दुसऱ्या ताऱ्याच्या चकतीतल्या पोकळीत २०१८ ला खरोखरचा ग्रह सापडला. एचएल टाउरी आकाशात रोहिणीच्या उत्तरेला दोनेक अंशांवर आहे, खूप अंधुक असल्याने सहा इंचीत मिळणार नाही पण जागा ओळखता येते.

पंचवटी_४२२००३: अमावस्येच्या आसपास परत अंजनेरीला जाणार असाल तर इथे टाका, मी येतो.