मदत हवी आहे: उरलेल्या कापडाची गरम भांडी धरायची पॅड – चटका लागतो, गोट मागे पोचत नाही

कातरवेळ

शिवणातून उरलेले तुकडे पिशवीभर साठलेत, त्यातून गरम भांडी धरायची चौकोनी पॅड करायला घेतली. आठ इंची तीन झाली आणि तिन्हींत तेच दोष आहेत.

वरचं कापड सुती, तुकडे जोडून केलेलं. मध्ये जुन्या उशीतलं पांढरं, फुगीर, हलकं भरण, एक थर. खाली जाडसर कापड, बहुतेक सुतीच. मशीन घरगुती, सुई १४ नंबरची, मशीनला होती तीच. टाका अडीच मिलिमीटर. टिपा तिरप्या, पाऊण पाऊण इंचावर चौकटी. कडेला सव्वादोन इंची पट्टी दुहेरी दुमडून गोट, माया (टीप ते काठ यांमधलं कापड) तीन सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

१. ओव्हनमधला ट्रे धरला की पाच-सहा सेकंदांत चटका बसतो.
२. टिपा मारताना खालच्या बाजूला चुण्या पडतात आणि चौकोन तिरका होतो.
३. गोट पुढून नीट बसतो, मागे वळवला की टिपेपर्यंत पोचतच नाही. कोपऱ्यात तर गोळा होतो.

भरण दुप्पट केलं तर पहिली अडचण सुटेल का? पण मग तिसरी वाढेल अशी शंका आहे.

धावदोरा

भरण दुप्पट करू नका, बदला.

चटका थोपवते ती कापडात अडकलेली हवा. उशीतलं फुगीर भरण हातात धरलं की जाड वाटतं, पण भांडं उचलताना आपण पॅड घट्ट आवळतो आणि ते कागदासारखं चपटं होतं. हवा निघून गेली, उरलं काय? वरचं कापड आणि खालचं कापड. त्यात तुम्ही पाऊण इंचावर टिपा मारल्यात. प्रत्येक टिपेखाली भरण कायमचं दाबलेलं असतं, म्हणजे चटका आत यायला तयार वाटा. दीड ते दोन इंचांवर टिपा पुरतात.

दुसरं, पांढरं फुगीर हलकं म्हणजे ते जवळजवळ नक्कीच पॉलिस्टर. ते २५० ते २६० अंश सेल्सियसला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं. ओव्हनच्या ट्रेला एखादवेळ निभेल, रिकाम्या तापलेल्या लोखंडी तव्याला नाही. सुती कापड वितळत नाही, करपतं. करपलं तर वास येतो, हात काढायला वेळ मिळतो. वितळलेलं पॉलिस्टर कातडीला चिकटतं. माझ्या मते या कामात पॉलिस्टरला जागाच नाही.

मध्ये घाला: जुन्या सुती टॉवेलचे दोन थर आणि हवं तर फ्लॅनेलचा एक. टॉवेलच्या फासांत हवा धरलेली राहते आणि दाबल्यावरही तो पूर्ण चपटा होत नाही. सगळं कापड आधी गरम पाण्यात धुऊन वाळवून घ्या. न धुतलेलं सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे आठ इंचांत दोन-तीन सूत. वरचं आटलं आणि मधलं नाही, की पहिल्याच धुण्यात पॅडची वाटी होते.

आणि ओलं पॅड वापरायचं नाही, ते कितीही जाड असू दे. पाणी हवेच्या वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. ओल्या फडक्याने ट्रे धरला की ‘अचानक’ चटका बसतो तो यामुळेच.

उसवण

“बहुतेक सुतीच” यावर विसंबू नका. उरलेल्या तुकड्यांचा मोठा घोटाळा हाच, मिश्र कापड दिसायला हुबेहूब सुती असतं. जाळून बघा.

कडेचे दोनचार धागे उसवून काढा, उभे वेगळे आणि आडवे वेगळे. लोखंडी चिमट्यात धरून, खाली पाणी घातलेली स्टीलची वाटी ठेवून, पेटवा. शुद्ध सुती धागा ज्योत विझल्यावरही थोडा धुमसतो, कागद जळल्याचा वास येतो, आणि मागे उरते ती मऊ राखाडी राख, बोटाने चोळली की भुगा होणारी. पॉलिस्टर आधी ज्योतीपासून आक्रसतं, मग वितळून जळतं आणि गार झाल्यावर टोकाला कडक काळा मणी राहतो. मिश्र असेल तर राखेत कडक खडे लागतात. उभे-आडवे वेगळे जाळायचे कारण काही कापडांत उभा धागा एका जातीचा आणि आडवा दुसऱ्या जातीचा असतो. एकच दिशा तपासली की फसगत होते.

हीच परीक्षा भरणाची आणि दोऱ्याचीही घ्या. पॅडला सुती दोराच बरा. मात्र फार जुनं रीळ असेल तर हातभर दोरा ओढून बघा, पटकन तुटला तर तो कच्च्या टाक्यांना ठेवा.

दोन सूत

गोटाचं गणित करू या, कारण तुमचा गोट चुकलेला नाही, तोकडा आहे.

सव्वादोन इंच म्हणजे १८ सूत. दुमडून ९. त्यातले ३ सूत मायेत गेले, राहिले ६. टिपेपासून पॅडच्या काठापर्यंत पट्टी परत ३ सूत चालते, राहिले ३. पॅडच्या जाडीवरून वळायला किमान १ सूत, राहिले २. आणि मागच्या बाजूला टीप काठापासून ३ सूत आत आहे. दोन सुतांत तीन सुतांवर कसं पोचणार?

पुढच्या वेळी असं काढा: माया तीनदा, त्यात जाडी, त्यात टीप झाकायला १ सूत, आणि एकूण बेरजेची दुप्पट. तुमच्या मायेला ३ + ३ + ३ + १ + १ = ११, दुप्पट २२ सूत, म्हणजे पावणेतीन इंच. टॉवेलचे दोन थर घातल्यावर कडेची जाडी २ सूत भरली तर पट्टी तीन इंच. जाडी मोजण्याआधी पॅडच्या चारी कडांना काठापासून दोन सुतांवर मोठ्या टाक्याची टीप मारून घ्या. कड चपटी होते, मोजमाप खरं येतं आणि ही टीप पुढे गोटाच्या मायेत झाकली जाते.

पट्टीची लांबी: चार बाजू ३२ इंच, अधिक जोडाला आणि कोपऱ्यांना १० इंच. एवढा लांब तुकडा कतरणीत मिळत नाही, जोडावाच लागतो. जोड ४५ अंशांत तिरपा द्या आणि माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करा. सरळ जोड दिला तर दुमडल्यावर सगळी जाडी एकाच जागी येते आणि नेमकी तिथेच सुई अडते.

चौकोनी कोपऱ्याला उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या कापलेल्या, पट्टीची गरज नाही, आडव्या धाग्याची सरळ पट्टी चालते. कोपरे गोल केलेत तरच उरेब.

कातरवेळ

जाळून बघितलं. खालच्या कापडाच्या आडव्या धाग्याला काळा मणी आला, उभा सुती आहे. भरण तर सरळ वितळलं. सगळं बाद.

गोटाचं गणित कळलं. कोपऱ्यातल्या गोळ्याचं काय? मी कोपऱ्यापर्यंत टीप नेते, पट्टी वळवते आणि पुढे चालू ठेवते.

दोन सूत

कोपऱ्यापर्यंत नेता हीच चूक. त्यामुळे वळणाची घडी टिपेत अडकते, मग तिला मागे वळायला जागा राहत नाही.

माया तीन सूत आहे ना, मग पुढचा काठ तीन सुतांवर आला की थांबा. आधीच खडूने खूण करून ठेवा, अंदाजाने थांबू नका. सुई कापडातच ठेवून फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचला, पॅड ४५ अंशांत फिरवा आणि कोपऱ्याच्या टोकाकडे तिरपी टीप मारत बाहेर पडा. दोरा कापा. आता पट्टी पॅडपासून दूर, वर दुमडा, तिरपी घडी आपोआप पडते. पट्टीची कच्ची कड पुढच्या बाजूच्या रेषेत सरळ आली पाहिजे. मग तीच पट्टी खाली आणा. वरची घडी पहिल्या काठाशी बरोबर जुळवा, अर्धं सूतही पुढेमागे नको. नवीन टीप थेट काठापासून सुरू करा.

तीनऐवजी दोन सुतांवर थांबलात तर कोपरा ओढला जातो, चार सुतांवर थांबलात तर टोकाला भोक राहतं. मागे वळवताना घडी पुढच्या घडीच्या उलट बाजूला पाडा म्हणजे जाडी दोन्हीकडे वाटली जाते. मागची बाजू हातशिलाईने हेम घाला. मशीनने घालायची असेल तर पट्टी आधी मागच्या बाजूला जोडा, पुढे वळवा आणि पुढून दिसणारी टीप मारा. मागे पोचली की नाही हे चाचपत बसावं लागत नाही.

पट्टीचं तोंड कोपऱ्यात जोडू नका, बाजूच्या मध्यावर जोडा.

सुईचं नेढं

चुण्यांबद्दल कोणी बोललं नाही.

मशीनचे दात खालचं कापड ओढतात, वरचं मात्र फुटाखाली घासत मागे राहतं. थर जितके जाड आणि मऊ, तितका हा फरक जास्त. पहिली रेघ ठीक जाते, दहाव्या रेघेपर्यंत वरचं कापड फुटापुढे फुगतं आणि खालचं ढिलं असेल तर चुणीत अडकतं. त्यात तुमच्या टिपा तिरप्या, म्हणजे उरेबवर. उरेबवर कापड रबरासारखं ताणलं जातं, म्हणून चौकोन तिरका होतो.

टिपा उभ्या-आडव्या धाग्याच्या रेषेत मारा. पहिली मधोमध, मग तिच्या दोन्ही बाजूंना. सगळ्या रेघा एकाच काठाकडून सुरू करायच्या. एक इकडून, एक तिकडून असं केलं की दोन रेघांमधलं कापड उलटसुलट ओढलं जाऊन तिरप्या लाटा पडतात.

टाका ३ ते ३.५ मिलिमीटर. सुई १६ नंबर, नवी. सुईच्या पाकिटावर १००/१६ असं असतं, त्यातला १०० म्हणजे दांडीची जाडी एक मिलिमीटर. १४ नंबर टॉवेलच्या थरांत वाकते आणि टाके सुटतात. फुटाचा दाब कमी करायचा स्क्रू असेल तर सैल करा. वॉकिंग फूट मिळालं तर उत्तमच, ते वरचं कापडही दातांच्या जोडीने सरकवतं.

उसवण

वॉकिंग फुटाशिवायही होतं, आठ इंचांच्या पॅडला तर नक्कीच. कच्चा धावदोरा, म्हणजे नंतर उसवायचे लांब टाके, नीट घाला. खालचं कापड टेबलावर सपाट ठेवून कडा टेपने चिकटवा, ताणायचं नाही, फक्त सुरकुती नको. त्यावर टॉवेल, त्यावर वरचं कापड. मध्यापासून बाहेर, दोन-दोन इंचांवर, हाताने. खालचं कापड आणि भरण साडेनऊ इंच कापा, वरचं साडेआठ. टिपा झाल्या की मोजून आठ इंचांचा चौकोन छाटा. आधीच आठ इंचांचं कापून बसलात तर टिपांनी आत ओढलेलं कापड कुठून आणणार?

धावदोरा

नेढं आणि उसवण दोघांनाही अनुमोदन. फक्त अडकवायच्या फाशाबद्दल: दोन इंच रुंद, पाच इंच लांब पट्टी चौपदरी दुमडून टीप मारा. फासा कोपऱ्यात घालू नका. तिथे गोटाची घडी आणि फाशाचे पदर मिळून सुई मोडेल एवढी जाडी होते. कोपऱ्यापासून इंचभर बाजूला घ्या. त्या जागी चाक हाताने फिरवा, आणि फूट पुढे चढून तिरकं होत असेल तर त्याच्या टाचेखाली दुमडलेल्या पुठ्ठ्याचा टेकू द्या.

कातरवेळ

टॉवेल घालून, पावणेतीन इंची पट्टी लावून एक केलं. मागे गोट टिपेवर बसला, तीन कोपरे जमले, चौथ्यात बारीक भोक आहे. चुण्या नाहीत.

दोन शंका. चंदेरी पन्नीसारखं तयार भरण मिळतं ते घालावं का? आणि आधीच्या तीन पॅडचं काय करू?

धावदोरा

चंदेरी थर एकटा पुरत नाही, सोबत सुती थर हवेच. त्याची चकाकी उष्णता परतवते, पण तापलेल्या भांड्याला दाबून धरताना काम पडतं ते जाडीचंच. शिवाय त्यात धातूचा मुलामा असतो, असं पॅड मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही. तुमचं टॉवेलवालं पुरेसं आहे.

उसवण

जुनी तीन गरमापासून दूर ठेवा. कुंडीच्या ताटलीखाली, खुर्चीच्या पायाखाली किंवा टाचण्या खोचायला. फाशे मात्र आजच कापून टाका. शेगडीजवळच्या खिळ्याला टांगलेलं असलं की घाईत कोणीतरी त्यानेच तवा उचलणार.