सायकलच्या पार्टची भलतीच नावं ऐकून कुणाकुणाचं डोकं फिरतं?

घाट_आणि_चहा (पुणे)
रविवारी ग्रुपबरोबर सिंहगडाकडे चाललो होतो, सोबत एक नवीन काका होते, चढ लागला तसे ते धापा टाकायला लागले तर मागून एकजण ओरडला "काका गिअर वाढवा!" त्याला म्हणायचं होतं मागची मोठी चकती घ्या म्हणजे हलकं होईल, पण काकांचा जन्म गेलाय मोटरसायकलवर, त्यांनी वाढवला म्हणजे आणखी जड केला आणि ऐन चढात सायकल जागीच थांबली. पडले नाहीत एवढंच. अरे हलका कर, जड कर असं बोला ना, त्यात चुकायला जागाच नाही.

मग एकेक आठवत गेलं. रिम म्हणजे टायर बसतं ते नुसतं कडं, पण लोक अख्ख्या चाकालाच रिम म्हणतात. सरळ हँडल असलं की ती रेंजर, वाकडं असलं की रेसिंग, मग त्यावरून कोणी दूध का घालेना. "फ्रेम अलॉयची आहे" (म्हणजे ॲल्युमिनियमची) हे तर दुकानदार असं सांगतात जसं काही पोलाद हा मिश्रधातू नाहीच. आणि "शिमानोचे गिअर आहेत सर", अहो शिमानोचं काय, स्वस्तातला टूर्नी पण त्यांचाच आणि महागडा ड्युरा-एस पण त्यांचाच, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. तुम्हाला सगळ्यात जास्त काय खटकतं? की मीच उगाच तापट झालोय?

साखळीतेल
+१. माझा राग "किती गिअरची?" या प्रश्नावर. शेजाऱ्यांच्या पोराची २१ गिअरची आणि माझी १२ ची, त्यामुळे सोसायटीत माझी सायकल गरीब ठरलेली आहे. आता २१ म्हणजे काय तर पुढे तीन मागे सात, गुणाकार. नेहमीचा सेट असतो पुढे ४२-३४-२४ दात्यांच्या चकत्या आणि मागे १४ ते २८ दात्यांच्या, त्यातले कितीतरी गिअर जवळपास एकसारखेच पडतात आणि पुढच्या मोठ्या चकतीला मागची मोठी चकती तर लावूच नये, चेन तिरपी ओढली जाते. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांच्यात फरक किती, तर साडेतीन पट. माझ्याकडे पुढे एकच चकती, मागे १० ते ५१, फरक पाच पटीहून जास्त. घाटात कोण आधी उतरून ढकलायला लागेल सांगा. पण नाही, २१ हा आकडा मोठा ना!

मुग्धा_नाशिक
पार्टचं जाऊ दे, मला "सायकल मॅरेथॉन" या शब्दाचा राग येतो. मॅरेथॉन ही पळण्याची शर्यत आहे, ४२.१९५ किमीची. सायकलवर मॅरेथॉन म्हणजे नक्की काय करायचं, खांद्यावर घेऊन पळायचं का?

बीआरएमचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचं, त्याहून वाईट. ती शर्यत नसतेच, २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस, या वेळेत पोचलात की झालं, पहिला-दुसरा नंबर काढतच नाहीत. मी २०० करून घरी आले तर सोसायटीच्या ग्रुपवर "मुग्धाताईंनी स्पर्धा जिंकली" आणि खाली फुलांचे गुच्छ. मी खुलासा केला की यात कोणी जिंकत नाही, तर एक काकू म्हणाल्या "असू दे गं, पुढच्या वेळी जिंकशील". शर्यतच बघायची तर मुंबई-पुणे बघा, तिथे बोरघाटात पहिला येणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, तो खरा नंबर.

मिरजेचा_मिस्त्री
पोरांनो, जरा दमानं. आमचं वडिलांपासून सायकलचं दुकान, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं बोलतो. तुमची पुण्याची मंडळी येतात आणि म्हणतात "व्हील ट्रू करून द्या", म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढा, आमच्या पोऱ्याला काही कळत नाही, त्याला "चाकाचा आऊट काढ" म्हटलं की लगेच तारांना चावी लावतो. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला चिमटा म्हणतो, बेअरिंगच्या गोळ्यांना छर्रे. यात चूक काय? तुम्ही पण सायकलला बाईक म्हणता आणि मग गिऱ्हाईक विचारतं ॲव्हरेज किती देते.

मात्र दोन ठिकाणी नाव चुकलं की खरंच नुकसान होतं. एक म्हणजे फ्रायव्हील आणि कॅसेट, दोन्ही मागच्या चकत्यांचे गठ्ठेच. फ्रायव्हील चाकाच्या मधल्या हबवर आट्यांनी बसतं, कॅसेट खाचांवर सरकवून वरून रिंगनं आवळतात, दोन्हीचे खोलायचे पाने वेगळे. गिऱ्हाईक फोनवर सांगतं फ्रायव्हील पाठवा, निघते कॅसेट, माल परत. दुसरं पायडल. पायडल ज्या दांड्याला लागतं त्या क्रँकला पण लोक पायडल म्हणतात. आणि खरं पायडलच बदलायचं असेल तरी डावं की उजवं सांगा, डाव्याला उलटे आटे असतात, जबरदस्तीनं उजवं बसवलं की क्रँकचे आटे गेले, मग माझ्या नावानं ओरडू नका.

घाट_आणि_चहा (पुणे)
अण्णा, आऊट काढणे मान्य, झकास शब्द आहे. पण "ओव्हरऑइल"चं काय? ओव्हरहॉलचं ओव्हरऑइल झालं आणि आता लोकांना वाटतं सगळीकडे तेल ओतलं की झालं. माझ्या चुलतभावाने डिस्क ब्रेकच्या प्लेटवर तेल मारलं कारण आवाज येत होता. ब्रेक पॅड फेकून द्यावे लागले.

मिरजेचा_मिस्त्री
तो दोष शब्दाचा नाही, भावाचा आहे. ओव्हरऑइलला दिलेली सायकल आम्ही पूर्ण खोलतो, हब रॉकेलात धुतो, खराब छर्रे बदलतो, ग्रीस भरून कोन (छर्रे जागेवर धरणारे नट) बसवतो. नाव काहीही म्हणा.

साखळीतेल
अण्णा फॉर्मात आहेत आज 😀

नवखा_सायकलवाला
थोडं अवांतर होईल, माफी असावी. वडिलांची जुनी सायकल चालू करतोय, २६ चं टायर मागवलं, ट्यूब पण २६ ची, पण टायर रिमवर बसतच नाही, ढिलं पडतंय. दुकानदार म्हणतो २६ म्हणजे २६, परत घेणार नाही. कोण चुकलं?

मुग्धा_नाशिक
घ्या, धाग्याचा विषयच चालत आला. २६ नावाची टायरं एकापेक्षा जास्त मापांची असतात. जाड एमटीबीचं (डोंगरी सायकलचं) २६ आणि जुन्या सायकलचं २६ गुणिले १ ३/८, दोन्ही २६ च म्हणवतात पण एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. इंच विसरून जा, जुन्या टायरच्या बाजूला बारीक अक्षरात मिलिमीटरमधे आकडा असतो, आधी रुंदी मग रिमवर बसायचा व्यास, तो बघा.

नवखा_सायकलवाला
घासून बघितलं. जुन्यावर ३७-५९०, नव्यावर ५०-५५९.

मिरजेचा_मिस्त्री
मग तुझं रिम ५९० चं आणि टायर आणलंस ५५९ चं, म्हणजे एमटीबीचं.

साखळीतेल
थांबा थांबा, ५५९ चं टायर ५९० च्या रिमपेक्षा लहान ना? मग ते ढिलं कसं पडेल, चढायलाच नको.

मिरजेचा_मिस्त्री
बरोबर. नवख्या, ढिलं पडतंय म्हणजे नक्की काय होतंय? टायर ढिलं की ट्यूब? फोटो टाक, आणि रिमचा टाक, अख्ख्या चाकाचा नको.