मदत हवी आहे: व्हायरल लोड 24,000 वरून 4.38, गोळी बंद करू का?

संत्राबर्फी: अर्जंट आहे. धाकट्या दिराचा व्हायरल लोड तीन महिन्यांपूर्वी 24,000 होता. काल रिपोर्ट आला, 4.38! सासूबाई म्हणतात, झालं की आता, गोळी पुरे. डॉक्टर आठवडाभर बाहेरगावी. बंद केली तर चालेल ना?

तर्रीपोहे: कशाचा लोड ते तर सांगा ताई. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी?

निवांत_काका: डेंग्यू असणार. पपईच्या पानांचा रस द्या, पुतण्याच्या प्लेटलेट दोन दिवसांत वर आल्या.

तर्रीपोहे: काका, तीन महिने डेंग्यू राहते का कुठं?

संत्राबर्फी: हिपॅटायटिस बी. लिहिलं नव्हतं का? टेनोफोविर चालू आहे, रोज एक.

धंतोलीकर: लोडच्या मागे काय लागता? लिव्हरची एसजीपीटी तपासणी नॉर्मल असेल तर निवांत राहा. माझा मामेभाऊ काही न घेता दहा वर्षं फिरून राहिला.

लॅबवाली: तुमच्या मामेभावाची गोष्ट वेगळी असेल, सगळ्यांना लावू नका. लोड म्हणजे रक्तात विषाणू किती. एसजीपीटीवरून लिव्हरला इजा होतेय का त्याचा अंदाज येतो. डॉक्टर दोन्ही बघतात, वर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. ताई, दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे का? 4.38 च्या पुढे काय छापलंय?

संत्राबर्फी: पहिला रामदासपेठेतला, हा घराजवळचा. थांबा, काढते... बारीक अक्षरात 'लॉग 10 आययू/एमएल'. ते युनिटच ना?

लॅबवाली: तिथंच घोळ झाला. लॉग 4 म्हणजे 10,000, लॉग 5 म्हणजे 1,00,000. 4.38 म्हणजे साधारण 24,000च! लोड जिथल्या तिथे आहे. गोळी नीट घेतली तर तीन महिन्यांत निदान 1 लॉग, म्हणजे दहापट तरी उतरायला हवा. आणि मनाने बंद करू नका. एकदम सोडल्यावर विषाणू उसळी मारतो, कधीकधी लिव्हर निकामी होण्यापर्यंत जातं.

धंतोलीकर: म्हणजे औषधच बोगस. काढा सुरू करा.

लॅबवाली: काढ्याने उलट लिव्हर बिघडलेले रिपोर्ट रोज बघते मी.

निवांत_काका: धंतोलीतल्या दवाखान्यात दाखवायला जाणार असाल तर रिक्षानेच जा, गाडी लावायला जागा मिळत नाही.

मैत्रेयी_न: घरच्या सगळ्यांनी तपासून घ्या, निगेटिव्ह असतील त्यांनी लस घ्या. ब्लेड, ब्रश वेगळे. एका ताटात जेवल्याने काही होत नाही, त्याचं ताट वेगळं करू नका.

संत्राबर्फी: ताटाचं कोणी विचारलं? पण हो, सासूबाईंनी केलंय वेगळं.

तर्रीपोहे: ताई, दीर गोळ्या खरंच घेतो का? डबीत 30 राहतात. मोजून पाहा.

संत्राबर्फी: मोजल्या. तीन डब्या आणल्या होत्या. दोनचं सील तसंच आहे, तिसरीत 19. कपाटात स्वेटरखाली होत्या. विचारलं तर म्हणे, काही त्रासच होत नाही, मग कशाला?

लॅबवाली: त्रास होत नाही म्हणूनच तर लोड मोजतात.

तर्रीपोहे: डॉक्टर यायची वाट पाहू नका, उद्या सकाळी सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत न्या. दोन्ही रिपोर्ट, तिन्ही डब्या सोबत. किती चुकल्या ते खरं सांगा, नाहीतर तिथेही औषध लागू पडत नाही असंच समजतील. खर्चाचं असेल तर 2018 साली सुरू झालेल्या सरकारी हिपॅटायटिस कार्यक्रमात बी-सीची औषधं मोफत आहेत, तेही विचारा.

संत्राबर्फी: जातो. सासूबाईंना लॉग कसा समजावू तेवढं सांगा कोणीतरी, त्या पेढे आणायला निघाल्यात.